तट्टू, कुरण आणि खुराचा रोग

लॅमिनायटिस हा घोड्याच्या खुराचा जुना आणि अतिशय वेदनादायक रोग आहे. खुराचे कवच आतल्या हाडाशी जखडून ठेवणारे नाजूक पदर या रोगात दुखावतात. ते सैल पडले की जनावराच्याच वजनाने हाड खाली सरकू शकते.

प्राचीन ग्रीक लेखकांना अति खाण्याचे धोके ठाऊक होते. इ. स. पू. चौथ्या शतकात झेनोफनने जव जास्त खाल्ल्याने घोड्याला होणाऱ्या विकाराचा उल्लेख केला. कुरणातल्या घोड्यांना मात्र पायाचाच रोग होतो आणि त्यात कधी खूरही गळून पडतात, अशी नोंद अ‍ॅरिस्टॉटलने केली. तरीही पुढे दीर्घकाळ मुख्य संशय धान्यावरच राहिला.

गवताचा दोष ब्रिटनच्या तट्टांमध्ये ठळकपणे दिसतो. शेटलंड, एक्समूर, डार्टमूर आणि वेल्सच्या डोंगराळ माळांवर घडलेली ही जनावरे निकस चाऱ्यावर तगत. उन्हाळ्यात अंगावर चढलेली चरबी हिवाळ्यात झडून जाई. १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलांना खाणीच्या पोटात काम करण्यास बंदी झाली. त्यानंतर कोळसा ओढण्यासाठी शेटलंड तट्टांची मागणी वाढली. तिथे कष्टांमुळे खाल्लेले जिरत असे.

विसाव्या शतकात खाणींत यंत्रे आली आणि तट्टू मुलांच्या रपेटीचे जनावर झाले. त्याच काळात कुरणेही बदलली. १९१९ मध्ये अ‍ॅबरिस्टविथ येथे जॉर्ज स्टेपलडन यांच्या नेतृत्वाखाली गवताच्या वाणांवर संशोधन सुरू झाले. गाईगुरांसाठी पेरलेले जोमदार रायगवत शेतोशेती पसरले. काटकसरीच्या शरीराला आता कमी श्रमात गोड, मुबलक चारा मिळू लागला.

या रोगामागचे शरीरातले कारण उशिरा उलगडले. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की, रक्तातील इन्सुलिन दीर्घकाळ चढे ठेवल्यास निरोगी तट्टांनाही लॅमिनायटिस होतो. गवतातील साखर इन्सुलिन वाढवते आणि काही तट्टांत ही वाढ फार मोठी असते.

आजची चराईची पद्धत या ज्ञानावर उभी आहे. उन्हात गवतात साखर साठते आणि रात्री वाढीसाठी खर्च होते. म्हणून जनावर उत्तररात्री सोडून सकाळी लवकर परत आणतात. कडाक्याच्या थंडीत मात्र गवताची वाढ थांबते आणि साखर तशीच राहते. त्यामुळे दहिवर गोठलेली सकाळ टाळली जाते. नुसते तास कमी केल्यास तट्टू अधिक वेगाने चरते, म्हणून तळाशी भोक असलेले मुसके बांधतात किंवा कुंपण सरकवत कुरणाची थोडी थोडी पट्टी मोकळी करतात. ज्यांना एवढेही गवत सोसत नाही, त्यांना कुरणाबाहेर ठेवून पाण्यात भिजवून साखर कमी केलेले वाळके गवत दिले जाते.