पद्मिनी: लायसन्स राजने थांबवून ठेवलेली गाडी

पहिलाच प्रोजेक्ट म्हणून जुनी गाडी घ्यायची, तर कुठली? माझं उत्तर प्रीमियर पद्मिनी. कारण तिचे सुटे भाग आजही मिळतात, आणि कुठल्याही जुन्या मिस्त्रीला ती डोळे मिटून खोलता येते. हे असं का, याचं उत्तर मात्र गॅरेजमध्ये नाही, इतिहासात आहे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी देशात बनाव्यात, हा त्यांचा ध्यास. कारखाना कुर्ल्याला. आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, मग इटलीच्या फियाटशी करार केला. १९५३ साली सरकारने धोरण ठरवलं: बाहेरून भाग आणून नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवायचे. जनरल मोटर्सने शिवडीतलं काम गुंडाळलं. मैदानात मोजक्याच कंपन्या उरल्या.

१९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. इटलीने हे मॉडेल १९६६ मध्ये बंद केलं. कुर्ल्यात मात्र ते शतक संपेपर्यंत बनत राहिलं.

किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं. परकीय चलन नव्हतं, स्पर्धा नव्हती. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचं. मग कंपनीने गाडी बदलायची तरी कशाला? आपल्या आजोबांच्या पिढीने त्याची किंमत मोजली. पण त्याच साचलेपणामुळे एका दशकातल्या पद्मिनीचे कितीतरी भाग दुसऱ्या दशकातल्या पद्मिनीला बसतात. आमच्या भाषेत सांगायचं तर तीस वर्षं कुणी व्हर्जनच बदललं नाही.

मी दोन गाड्या पाहिल्या. पहिली चकाचक, नवा लाल रंग, गिअर खाली जमिनीवर घेतलेला. दाराखालच्या पट्टीवर लोहचुंबक लावला, तर तो घसरून पडला. म्हणजे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. इंजिन पुन्हा बांधता येतं, पण सडलेला फ्लोअर आणि पट्ट्या म्हणजे गाडीचा कणाच गेला. कोकणपट्टीतल्या पावसात राहिलेली गाडी घेताना आधी खाली वाकून बघा, बॉनेट नंतर उघडा.

दुसरी १९८४ची. रंग उडालेला, इंजिन जाम, पण पत्रा शाबूत आणि गिअर जागेवर. आरसी बुकावरचे इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळले. मी तीच घेतली.

मित्र म्हणतात, एसी बसव, दुसरं इंजिन टाक. इथे खरा प्रश्न येतो. २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. माझी गाडी २०३४ मध्ये पन्नाशीची होईल. तोवर तिला पंधरा वर्षांपुढच्या इतर गाड्यांसारखंच दर पाच वर्षांनी पासिंग करावं लागेल. आज मी जे कापून फेकेन, ते तेव्हा परत आणता येणार नाही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता हा इतिहास खासगी गाड्यांमध्येच उरलाय, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या पार्किंगमध्ये. म्हणून ब्रेक आणि वायरिंग मी नवं करणार, कारण त्यावर जीव अवलंबून आहे. गिअर मात्र दांड्यावरच राहील.