बेत आणि निश्चय (कोरियन व्याकरण)

कोरियन भाषेत ‘जाणे’ म्हणजे ‘कादा’. जायचा नुसता विचार आहे, जायचं पक्कं ठरलं आहे की समोरच्याला शब्द दिला आहे, त्यानुसार या क्रियापदाचं शेपूट बदलतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याचा माणूस चंद्रपूरला जाण्याबद्दल मराठीत बोलतो तेव्हा त्याच्याही तोंडी हेच भेद असतात.

‘जावं म्हणतो’ यात विचार आहे, निर्णय नाही. कोरियनमध्ये याला ‘काल्का हॅयो’. त्यात ‘जाऊ का?’ हा स्वतःलाच केलेला प्रश्न आहे. मुलचेऱ्याच्या दक्षिणेला, सिरोंच्याकडे बोलली जाणारी तेलुगूही याच वाटेनं जाते: ‘वेळ्दामनुकुंटुन्नानु’, म्हणजे ‘जाऊ या, असं मनाशी म्हणतोय’.

बेत जरा पुढे सरकला की ‘कार्यॉगो हॅयो’, जायचा बेत आहे.

खरी गंमत निर्णयाच्या रूपात आहे. ‘कागिरो हॅस्सॉयो’ म्हणजे ‘जायचं ठरवलं’. जाणं पुढे असलं तरी ठरवणं होऊन गेलेलं असतं, म्हणून दोन्ही भाषांत भूतकाळ येतो. मराठीत ‘ठरवलं’ आणि ‘ठरलं आहे’ यांत फरक आहे. पहिल्यात ठरवणारा दिसतो, दुसऱ्यात नाही. कोरियनमध्येही ‘करणे’ अर्थाच्या ‘हादा’ऐवजी ‘होणे’ अर्थाचं ‘द्वेदा’ आलं, की ‘कागिरो द्वे इस्सॉयो’, जायचं ठरलं आहे.

शब्द देताना मराठी माणूस भविष्यकाळ बाजूला ठेवून ‘तुम्ही बसा, मी जातो’ म्हणतो. तिथे कोरियन ‘काल्केयो’ वापरतात. समोरच्याची दखल घेऊन बोलायचं हे रूप प्रथमपुरुषीच असतं. औपचारिक प्रसंगी ‘कागेस्सुम्निदा’. त्यातला ‘गेत’ हा प्रत्यय मराठी भविष्यकाळासारखा दुहेरी आहे: ‘मी जाईन’मधला निर्धार आणि ‘पाऊस येईल’मधला अंदाज, दोन्ही त्यात मावतात.

कोरियनची आपल्याकडच्या भाषांशी तुलना नवी नाही: अमेरिकन मिशनरी होमर हल्बर्ट यांनी 1905 मध्ये कोरियन आणि द्राविडी भाषांचं तुलनात्मक व्याकरण प्रसिद्ध केलं. मुलचेरा परिसरातली गोंडी-माडिया द्राविडी कुळातली आहे. कोरियन आणि द्राविडी भाषांचं नातं आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. क्रियापद शेवटी ठेवून त्याला प्रत्यय जोडत जाण्याचं साम्य मात्र खरं आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकता येणाऱ्या परकीय भाषांमध्ये कोरियनचं नाव आहे. गडचिरोलीच्या मुलांना ती शिकवायची झाल्यास इंग्रजीच्या एका ‘विल’मधून नको, ‘जावं म्हणतो’, ‘ठरवलं’ आणि ‘ठरलं’ यांवरून शिकवावी.