‘ब्लू नोट’ : जॅझची घडण आणि यशाची किंमत

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये २३ डिसेंबर १९३८ रोजी कृष्णवर्णीय कलावंतांच्या संगीताची एक मैफल झाली. श्रोत्यांमध्ये बर्लिनहून आलेला आल्फ्रेड लायन हा ज्यू तरुण होता. अल्बर्ट अ‍ॅमन्स आणि मीड लक्स लुईस यांच्या पियानोवादनाने तो इतका भारावला, की दोनच आठवड्यांनी, ६ जानेवारी १९३९ रोजी, त्याने भाड्याच्या स्टुडिओत दोघांचे ध्वनिमुद्रण केले. ‘ब्लू नोट’ कंपनीचा प्रारंभ असा झाला. ब्लूज संगीतात नेहमीच्या स्थानापेक्षा किंचित उतरवून लावलेल्या स्वराला ‘ब्लू नोट’ म्हणतात. कंपनीला नाव मिळाले ते त्यावरूनच. भांडवलाची बाजू लेखक मॅक्स मार्ग्युलिस याने सांभाळली. त्याच वर्षाच्या अखेरीस लायनचा बालमित्र, छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ नाझी जर्मनीतून निसटून न्यूयॉर्कला आला आणि कंपनीत सामील झाला.

क्लब आणि स्टुडिओ

जॅझ वादकांचे पोट क्लबांवर चाले आणि नाव तबकड्यांमुळे होई. क्लबमधील काम आटोपून वादक पहाटे मोकळे होत. लायन त्याच वेळी ध्वनिमुद्रण ठेवी, खाण्यापिण्याची सोय करी आणि तालमींचेही पैसे देई. छोट्या कंपन्यांमध्ये ही गोष्ट दुर्मीळ होती. ‘ब्लू नोट’च्या तबकड्यांमध्ये जाणवणाऱ्या नेटकेपणाचे रहस्य या तालमींत आहे.

थेलोनिअस मंक या पियानोवादकाची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. १९४७ मध्ये त्याच्या स्वतःच्या नावाने पहिले ध्वनिमुद्रण केले ते लायननेच. त्या तबकड्या फारशा खपल्या नाहीत. पुढे १९५१ मध्ये अमली पदार्थांच्या एका प्रकरणात मंकचे ‘कॅबरे कार्ड’ जप्त झाले. न्यूयॉर्कमध्ये मद्यविक्री होणाऱ्या क्लबांत वाजवण्यासाठी हा पोलीस परवाना सक्तीचा होता. तो गेल्याने मंकला शहरातील अशा क्लबांची दारे १९५७ पर्यंत बंद राहिली. तरीही १९५२ मध्ये लायनने त्याचे पुन्हा ध्वनिमुद्रण केले. परवान्याची ही पद्धत १९६७ मध्ये रद्द झाली.

बैठकीच्या खोलीतील स्टुडिओ

दिवसा चष्म्यांसाठी डोळे तपासणारा रूडी व्हॅन गेल्डर न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे आई-वडिलांच्या घरातील बैठकीच्या खोलीत ध्वनिमुद्रण करीत असे. १९५३ पासून ‘ब्लू नोट’चे काम त्याच्याकडे आले. जॉन कोल्ट्रेनचा ‘ब्लू ट्रेन’ (१९५७) याच खोलीत मुद्रित झाला. वुल्फची छायाचित्रे आणि रीड माइल्सची ठसठशीत अक्षररचना यांमुळे कंपनीची वेष्टनेही संग्राह्य ठरली.

ध्वनिमुद्रण थेट क्लबांतही होई. आर्ट ब्लेकीच्या पथकाचे वादन २१ फेब्रुवारी १९५४ रोजी ‘बर्डलँड’मध्ये टिपले गेले, तर सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सचे ३ नोव्हेंबर १९५७ रोजी ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’च्या तळघरात. मूळचा ‘बर्डलँड’ १९६५ मध्ये बंद पडला. मॅक्स गॉर्डनने १९३५ मध्ये सुरू केलेला ‘व्हॅनगार्ड’ मात्र आजही चालू आहे.

गाजलेल्या तबकडीचा भार

ट्रम्पेटवादक ली मॉर्गनचा ‘द साइडवाइंडर’ १९६४ मध्ये बाजारात आला आणि अनपेक्षितपणे तुफान खपला. कंपनीच्या अडचणी मात्र त्यानंतरच वाढल्या. तबकड्या काढण्याचा खर्च कंपनीला आधी करावा लागे, वितरकांकडून पैसे उशिरा येत, आणि आता प्रत्येक वेळी तशाच खपाची मागणी होऊ लागली. शेकडोंच्या, हजारोंच्या हिशेबावर चाललेल्या कंपनीला हा व्याप पेलवेना. १९६५ मध्ये लायनने ती ‘लिबर्टी’ कंपनीला विकली आणि १९६७ मध्ये तो निवृत्त झाला. वुल्फचे १९७१ मध्ये निधन झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ‘स्लग्ज’ क्लबमध्ये पत्नीच्या गोळीने मॉर्गनचा बळी घेतला. तो अवघा ३३ वर्षांचा होता.

मालकी अनेकदा बदलून कंपनी जवळपास थंडावली. १९७५ पासून मायकेल कस्कूना याने तिच्या भांडारातील अप्रकाशित ध्वनिमुद्रणे शोधून उजेडात आणली. १९८५ मध्ये ब्रूस लंडव्हॉलच्या नेतृत्वाखाली कंपनीचे पुनरुज्जीवन झाले. ते पाहूनच १९८७ मध्ये लायनने जगाचा निरोप घेतला. पंडित रविशंकर यांची कन्या नोरा जोन्स हिचा ‘कम अवे विथ मी’ हा अल्बम २००२ मध्ये याच कंपनीने काढला. त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. या वेळी मात्र पाठीशी ‘ईएमआय’सारखी बलाढ्य कंपनी होती. लायनला असा आधार कधीच नव्हता. तरीही ‘ब्लू नोट’चे नाव निघाले की रसिकांना आधी आठवतात त्या त्याच्याच काळातील तबकड्या.