केळवे, केलवे

मी 1960चा. एसटीत कंडक्टर म्हणून चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पालघर–सातपाटी आणि बोईसर–तारापूर याच रस्त्यांवर. भरल्या गाडीत कंडक्टरला चेहरे बघायला सवड नसते. डोळे सुट्ट्या पैशांवर आणि तिकिटांच्या ट्रेवर, प्रवाशाकडे फक्त कान. ‘पास्थल एक’ ऐकलं की माणूस किनाऱ्याचा, नाहीतर यूपी-बिहारचा. ‘पास्थळ’ ऐकलं की देशावरचा किंवा निदान बरंच शिकलेला. परनाळीचंही तसंच. वेबिलाचा हिशेब माझा कधी चुकला नाही. हा हिशेब पुष्कळदा चुकला.

‘ळ’शी माझं वैर जुनं. आई सातपाटीची, मांगेला मच्छीमारांतली. घरात डोला, पानी, शाला. किनाऱ्यावरच्या बोलींत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ण’चा ‘न’ सर्रास होतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण पाचवीत मास्तरांनी मला फळ्याजवळ उभं करून पंचवीस वेळा ‘बाळ’ म्हणायला लावलं. वर्ग हसला. तेव्हापासून मी ‘ळ’ जरा जास्तच दाबून म्हणतो. एवढं करून मुंबईत तोंड उघडलं की प्रश्न ठरलेला: “आगरी का तुम्ही?” नाहीतर, “गुजराती?” मांगेला म्हटलं की, “म्हणजे कोळीच ना!” पुढे मी नुसती मान हलवायला लागलो.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम 1964 साली सुरू झालं, 1969 साली वीज निघाली, मग एमआयडीसी आली. तोवर आमच्याकडच्या बोलण्याचे प्रकार ठरलेले होते. बंदरावर मांगेला, वाडीत वाडवळ, पेठेत गुजराती आणि पारशी, डोंगराकडे वारली. कोण कुठला ते खोकल्यावरूनही कळायचं. आता एकाच गाडीत केरळ, ओडिशा, जौनपूर आणि जळगाव. बोईसरात वस्तीचं नावच अवधनगर पडलं.

एकदा एक बाई चढल्या. “पास्थळ, एक.” असा स्वच्छ, गोल ‘ळ’ की मास्तरांनी पेढा दिला असता. मी समजलो पुण्याच्या. तिकीट फाडता फाडता मोठ्या आदबीने बोलायला लागलो, पावसाचं, गर्दीचं. बाई म्हणाल्या, “मराठी कम आता है.” अणुवीज केंद्राच्या कॉलनीतल्या, केरळच्या निघाल्या. मल्याळममध्ये ‘ळ’ असतो हे मला तेव्हा कुठे ठाऊक? ओडियात असतो, गुजरातीत असतो. नसतो तो हिंदीत, आणि माझ्या आईच्या तोंडात.

दुसरी चूक याहून मोठी. दुसरी पाळी सुटलेली, गाडी गच्च. मागून आवाज आला, “मना पास शे.” आमच्या किनाऱ्यावर ‘मना’ म्हणजे ‘मला’. ‘शे’ मला ‘छे’ ऐकू आलं. मी मनात गणित मांडलं: अर्धं आपलं, अर्धं गुजराती, म्हणजे नारगोल-उंबरगावकडचा मांगेला. आपलाच माणूस! मोठ्या खुशीत विचारलं, “क्यां जवानुं छे, काका?” काका भडकले. “गुजराथी कोनले म्हनस भाऊ? मी शिरपूरना शे!” अहिराणीत ‘मना’ म्हणजे ‘माझा’ आणि ‘शे’ म्हणजे ‘आहे’. बिचारा पास आहे एवढंच सांगत होता. त्या आठवड्यात ड्रायव्हर मला रोज विचारायचा, “केम छो?”

निवृत्तीनंतर पालघरच्या वाचनालयात बसायची सवय लागली. तिथे ग्रियर्सनसाहेबाच्या भाषा-पाहणीबद्दल वाचलं आणि जरा बरं वाटलं. सरकारी अधिकाऱ्यांकरवी जिल्ह्याजिल्ह्यांतून नमुने मागवलेले. गोष्ट सगळीकडे एकच, बायबलातल्या उधळ्या मुलाची. ज्याने त्याने आपल्या बोलीत सांगायची. मराठीचा खंड 1905चा, त्यात वारली आहे, वाडवळी आहे, वसईची सामवेदी आहे. खानदेशी मात्र त्यात नाही. ती 1907च्या खंडात, भिल्लीबरोबर, गुजरातीच्या कुशीत. म्हणजे शिरपूरच्या काकांना गुजराती ठरवणारा मी एकटा नव्हे. शिवाय वारल्याच्या तोंडचा शब्द कागदावर उतरवताना एखाद्या कारकुनाने तो आमच्या मास्तरांसारखा सुधारला नसेल कशावरून?

या ऐकण्याच्या भानगडीवर गावंसुद्धा इकडची तिकडे झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत डहाणू-उंबरगावच्या वारल्यांची बोली कुणाची, यावर भांडण पेटलं. तिकडचे म्हणत गुजराती, इकडचे म्हणत मराठी. 1 मे 1960 रोजी रेघ पडली. उंबरगाव आणि नारगोल गुजरातेत गेले, डहाणू आणि तलासरी इकडे राहिले. रेघेच्या दोन्ही बाजूंना वारली तेच, नाचाला फुंकायचा तारपाही तोच. पण एका बाजूची पोरं शाळेत गुजराती गिरवू लागली, दुसऱ्या बाजूची मराठी. आमचे नारगोलचे नातेवाईक लग्नाला यायचे तेव्हा पोरांना आम्ही गुजराती म्हणून चिडवायचो. ती आम्हाला घाटी म्हणायची. समुद्रात पाय बुडवून बसलेल्या आम्हाला घाटी!

2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली. त्याच वर्षी आईला घेऊन विरारला निघालो होतो. ऐंशी पार केलेली, खिडकीशी बसलेली. डब्यात आधी मराठीत घोषणा झाली, ‘केळवे रोड’. मग हिंदीत, ‘केलवे रोड’. पुढे ‘सफाळे’, मग ‘सफाले’. डब्यातलं कुणी हसलं नाही, मोबाइलवरून कुणी मान वर केली नाही. आईने मात्र कान टवकारले. पुढचं स्टेशन येईपर्यंत थांबली, परत ऐकलं, आणि माझ्या गुडघ्यावर चापट मारून म्हणाली, “पहिली बाय कुठली रे, माहीत नाय. पन दुसरी आपल्यातली.”