अखेरचा श्वास कोणाच्या हाती?

पूर्वी आपल्या खेड्यापाड्यांतून एखादा माणूस जायला लागला, की घरातली जाणती मंडळी ते ओळखत असत. त्याला बाजेवरून खाली घेत, तोंडात गंगाजळ आणि तुळशीपत्र घालीत, लेकींना सांगावा धाडीत. मरण आले म्हणजे त्याला वाट करून द्यायची, एवढेच माणसाच्या हाती होते. ‘आता उपचार थांबवावे का?’ असा प्रश्न सहसा उठत नसे, कारण थांबवण्याजोगे फारसे काही नसेच. मग हा प्रश्न आला कुठून, आणि तो न्यायालयाच्या दाराशी कसा पोचला? त्याचीच हकीकत आज पाहू या.

१९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून रोगी गुदमरू लागले. तेव्हा ब्योर्न इब्सेन नावाच्या डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याचा उपाय सुचवला. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस हाताने रबरी पिशवी दाबून रोग्यांच्या फुप्फुसांत हवा भरली. कितीतरी जीव वाचले. पुढे हे हाताचे काम यंत्राकडे गेले.

यंत्राचे उपकार थोर आहेत. पण त्याने एक पेचही उभा केला. बरा होणारा रोगी आणि कधीच बरा न होणारा रोगी, दोघांचाही श्वास ते सारख्याच इमानाने चालवते. थांबायचे कुठे, हे यंत्राला कळत नाही. ते माणसालाच ठरवावे लागते.

इकडे आपल्याकडे १८६० सालची दंडसंहिता चालू होती. तिच्या ३०९ व्या कलमाप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मुंबईच्या एका पोलीस शिपायाचा अपघातानंतर मनाचा तोल गेला आणि त्याने स्वतःला जाळून घेण्याचा प्रयत्न केला. त्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली हे कलमच घटनाबाह्य ठरवले. दुःखाने पिचलेल्याला औषध हवे, तुरुंग कशाला, असा त्यामागचा भाव. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तीच वाट धरली. परंतु १९९६ साली ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ती फिरवली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्यांनी सांगितले. मात्र त्याच निकालपत्रात एक दार किलकिले राहिले. आयुष्य आपोआप संपत आलेले असताना त्या अखेरच्या टप्प्यातही माणसाची प्रतिष्ठा राखली पाहिजे, आणि तेही जगण्याच्या हक्कातच येते, असे न्यायालयाने मानले. (पुढे १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली आणि ३०९ वे कलम जुन्या रूपात उरले नाही.)

ते दार उघडले ते मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील एका परिचारिकेच्या निमित्ताने. अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याच रुग्णालयात अमानुष हल्ला झाला. गळा आवळल्यामुळे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि त्यांचे भान कायमचे हरपले. लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की आता त्यांना शांतपणे जाऊ द्यावे. पण ज्या परिचारिका वर्षानुवर्षे अरुणाताईंना न्हाऊमाखू घालीत होत्या, भरवीत होत्या, त्या म्हणाल्या, ‘आम्ही त्यांना सांभाळू.’ ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने त्यांचेच म्हणणे मान्य केले. विचार करण्याजोगी गोष्ट आहे बघा! ज्यांचे हात सेवेत होते, त्यांच्या शब्दाला न्यायालयाने अधिक वजन दिले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताईंचे निधन झाले.

पण त्याच निकालाने हेही ठरवले, की योग्य प्रसंगी उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीव टिकवणारे उपचार थांबवता येतील. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने प्रतिष्ठेने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि माणसाने शुद्धीवर असताना आपली इच्छा लिहून ठेवण्यास मान्यता दिली. ती रीत फार किचकट ठरली, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सोपी केली.

आता सज्ञान माणसाने आपले म्हणणे लिहावे, दोन साक्षीदारांसमोर सही करावी, आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावे. आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्या जवळच्या माणसांची नावे त्यात घालावी. एक प्रत नगरपालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे देण्याची तरतूद आहे. म्हणजे हे केवळ मुंबई-पुण्याचे प्रकरण नव्हे! पुढे वेळ आली, तर आधी एक वैद्यकीय मंडळ पाहते, मग दुसरे; दोघांचे एकमत झाल्यावरच उपचार थांबतात. असे पत्र नसले, तरी नातलगांच्या संमतीने याच वाटेने जाता येते.

यात दोन गोष्टींची गल्लत मात्र होऊ देऊ नये. सुई टोचून जीव घेणे हा आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. आणि उपचार थांबवणे म्हणजे सेवा थांबवणे नव्हे. वेदना शमवणे, तोंड ओले करणे, कूस बदलणे, हात हातात घेऊन बसणे, हे सारे चालूच राहायचे. मॉर्फिनसारखे वेदनाशामक औषध रोग्यांना मिळणे सोपे व्हावे, म्हणून २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्तीही झाली.

‘जमिनीसाठी वारसच म्हाताऱ्याला लवकर वाटेला लावतील’, ही शंका काही पोकळ नाही. दोन मंडळांची चाळणी त्यासाठीच ठेवली आहे. उलट बाजूही तितकीच खरी. आशा संपल्यावरही ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने शेत गहाण टाकणारी घरे आपल्याला ठाऊक आहेत. दोन्हीकडे चूक एकच: ज्याचे मरण, त्याला कोणी विचारलेलेच नसते.

तेव्हा वाचकहो, हा विषय अशुभ म्हणून झटकू नका. गुरुजींनी तो गावात समजावून सांगावा. आईवडिलांची शुद्ध शाबूत आहे तोवर त्यांच्याजवळ बसावे आणि विचारावे, ‘तुमच्या मनात काय आहे?’ न्यायालयाने वाट करून दिली आहे. पण हा प्रश्न घरच्यांनीच विचारायचा आहे, आणि तोही वेळेवर.