कोणत्या जन्मीचे पाप?

‘कोणत्या जन्मीचे पाप फेडते आहे, कोण जाणे!’ आपल्या आज्या-पणज्या हे सहज म्हणत. सोवळ्या केलेल्या विधवेला मात्र ते शब्द निकालासारखे ऐकवले जात. नवरा गेला तो हिच्याच पूर्वजन्मीच्या पापाने, हे घरादाराचे मत. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकात हेच मांडले आहे. जे पाप आठवतही नाही, त्याची क्षमा मागायची तरी कशी?

बाई स्वतः विधवाच. पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ साली पटकीने गेले. पुढच्याच वर्षी त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे दोघींचा बाप्तिस्मा झाला. बाईंचे मन वळले ते वादविवादापेक्षा एका घरामुळे. लंडनमध्ये फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी वाट चुकलेल्या बायकांना मायेने सांभाळीत होत्या. आपल्याकडे अशा बाईला दार कायमचे बंद! ‘तुम्ही हे कशासाठी करता?’ असे विचारताच त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. पाच नवरे झालेली ती बाई भर दुपारी विहिरीवर येते आणि येशू तिच्याकडेच पाणी मागतो. पाणवठ्यावर अशा बाईविषयी काय कुजबुजले जाते, हे आपल्या वाचक भगिनींना सांगायला नकोच.

तरीही बाप्तिस्म्याने त्यांचे समाधान झाले नाही. धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटला नाही, असे त्यांना आठ वर्षांनंतरही वाटत होते. पुढे त्यांना उमगले ते असे: पुण्य साठवून पाप फिटत नाही, ते कबूल करावे आणि क्षमा पदरात घ्यावी. तिला दक्षिणा लागत नाही. व्रते-प्रायश्चित्तांत वाढलेल्या कानांना हा सौदा फारच स्वस्त वाटेल. पण स्त्रीला स्त्रीजन्मात मोक्ष नाही असे शास्त्रांत वाचलेल्या या विदुषीला तो स्वस्त वाटला नाही.

१८८९ साली मुंबईत निघालेले शारदासदन पुढे पुण्यास आले. तिथल्या मुली ख्रिस्ताकडे वळू लागल्याचे बोलले जाताच १८९३ साली गहजब उडाला आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. पालकांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. त्यांनी मुली धाडल्या होत्या त्या शिकायला. पण १८९६-९७ च्या दुष्काळात ज्यांना काढून न्यायला कोणीच नव्हते अशा शेकडो बायका-मुली बाईंनी केडगावास आणल्या. त्या जागेचे नाव ‘मुक्ती’. तिथेच ‘कृपासदन’ निघाले, खास ‘पतित’ म्हणवल्या गेलेल्या बायकांसाठी. १९०५ साली या मुक्तीत रात्र-रात्र प्रार्थना चालल्या. मुली रडत आपापल्या चुका उघड सांगत. पूर्वजन्मीच्या नव्हेत, याच जन्मीच्या.

अखेरची वर्षे बाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलच्या भाषांतरात घालवली. जडजंबाळ संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले; ग्रंथ हवा होता तो साध्या बाईला वाचता येईल असा. मनोरमा १९२१ साली गेली, बाई ५ एप्रिल १९२२ रोजी. ग्रंथ बाहेर पडला १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यातून. खिळे जुळवायला तिथे बायकाच शिकल्या होत्या.