निळं औषध आणि हौजातले मासे

गेल्या डिसेंबरात आमच्या बुटीबोरीच्या घरातले सगळे मासे मेले. सहा गप्पी, दोन मोली. लेकीच्या वाढदिवसाला नागपूरहून काचपेटी आणली होती. थंडी पडली, पेटीत हीटर नव्हता, आणि एका सकाळी माशांच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके दिसले. दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली. मी ते थेट पेटीत ओतलं आणि भरीला फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला. ठिपके कमी झाले, पण मासे पाण्यावर येऊन धापा टाकू लागले आणि चार दिवसांत संपले. लेक म्हणाली, "अब्बू, औषध दिल्यावर तर बरं वाटतं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना मी इतिहासात शिरलो.

पांढऱ्या ठिपक्यांचा हा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. फूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने 1876 मध्ये त्याचं नामकरण केलं. योगायोग असा, की त्याच 1876 साली जर्मनीत हाइनरिश कारो यांनी कापड रंगवण्यासाठी मेथिलीन ब्लू तयार केला. माझ्या बाटलीतला निळा रंग तोच. 1891 मध्ये पॉल एरलिश आणि गुटमान यांनी बर्लिनमध्ये तो हिवतापाच्या रुग्णांना दिला आणि त्याचा गुण आला. म्हणजे माणसाच्या हिवतापावर वापरलेलं औषध पुढे माशांच्या दुकानात पोहोचलं.

गंमत म्हणजे, तोवर मासे आपल्याला हिवतापापासून वाचवत होतेच. 1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. 1911 मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला. त्यात बोट होतं ते घरोघरच्या विहिरी आणि टाक्यांकडे. विहिरी बुजवा किंवा झाका म्हटल्यावर लोक अस्वस्थ झाले, कारण अनेकांच्या धर्मविधींना विहिरीचं पाणी लागायचं. पाणी ठेवायचं आणि डास नको, यावरचा एक जुना उपाय म्हणजे अळ्या खाणारे मासे. 1928 मध्ये त्यासाठी गंबुसिया मासा भारतात आणला गेला. गप्पीही आज विहिरींत आणि टाक्यांत सोडतात.

मशिदीच्या हौजातले मासे मात्र याहून जुने. मुंबईची जामा मशीद 1802 मध्ये बांधून पूर्ण झाली, तीच मुळी एका जुन्या तळ्यावर. त्या पाण्यातले मासे आणि कासवं यांची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. औरंगाबादच्या पाणचक्कीच्या हौजातले मासे तर आपण सगळ्यांनीच पाहिलेत. आमच्या मूळ गावी माझे दादा मशिदीचा हौज सांभाळत. अब्बा सांगायचे, की दादा हौज कधी पूर्ण रिकामा करत नसत आणि भिंतीवरचं शेवाळही खरवडून काढत नसत. लोक त्याला आळस म्हणत.

तो आळस नव्हता, हे मला आता कळलं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया बनतो. तो माशांना विषारी. दगडांवर, भिंतींवर, स्पंजमध्ये राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करतात. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले. मेथिलीन ब्लूने या जिवाणूंनाही इजा होते, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननेही. मी दोन्ही एकाच दिवशी केलं. ठिपक्यांनी मासे मेले नाहीत, माझ्या घाईने मेले.

औषध द्यायचं तर आजारी मासे वेगळ्या भांड्यात ठेवून. परजीवी कातडीखाली असतो तेव्हा त्यावर औषध चालत नाही. तो मासा सोडून पाण्यात पोहतो, तेवढ्यातच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी उपचार काही दिवस चालू ठेवायचा आणि पाणी हळूहळू कोमट करायचं, म्हणजे त्याचं चक्र लवकर पुरं होतं. शिवाय ठिपके नसलेल्या माशांच्या अंगावरही तो असू शकतो, म्हणून मुख्य पेटी काही आठवडे माशांविना ठेवायची.

जानेवारीत पेटी पुन्हा मांडली. वाळू, झाडं, हीटर, आणि एका मित्राच्या निरोगी पेटीतला जुना, मळका स्पंज. मासे नाहीत. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, म्हणजे अमोनिया बनतो आणि जिवाणू वाढतात. लेक रोज विचारायची, "रिकाम्या पेटीत काय बघायचं?" मी तिला तपासणीच्या पट्टीचे रंग दाखवायचो. तिने वहीत तारखा लिहून ठेवल्या. पाचव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तेव्हा आम्ही चारच गप्पी आणल्या.

स्पंज आता पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलकासा पिळतो. परवा लेक पेटीच्या काचेवरचं शेवाळ पुसत होती. मागची काच तिने तशीच ठेवली. का, विचारलं तर म्हणाली, "मोठ्या दादांच्या हौजासारखी."